चालता चालता बंद पडणारा डिझेल ट्रक: दोष टाकीत, पाइपात की वायरीत?

गाडी कळंबोलीपर्यंत बिनतक्रार येते. पुढे सायन-पनवेल हायवेच्या चढावर लोडखाली दोन-तीनदा हुकते आणि बंद पडते. दहा मिनिटांनी सेल्फ मारला की लगेच चालू. गॅरेजला आणली की दिवसभर उभ्या उभ्या छान चालते, आणि मालकाला वाटतं ड्रायव्हरच बहाणे करतोय.

अशा तक्रारीवर बहुतेक ठिकाणी क्रम ठरलेला असतो. आधी डिझेल फिल्टर, मग फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा), मग मेन पंप (दाबाने इंजिनाला देणारा) उतरवून पंपवाल्याकडे, शेवटी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी). बिल पंचवीस-तीस हजारांच्या पुढे जातं आणि गाडी पुन्हा त्याच चढावर थांबते. सुटा भाग बदलणं म्हणजे तपासणी नव्हे. अधूनमधून येणारा दोष मोजूनच सापडतो आणि त्यासाठी लागणारी हत्यारं, स्कॅनर सोडला तर, हजार-दोन हजारांत येतात. पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट मात्र पक्की करायची: गाडी बंद कशी पडते?

बंद पडण्याच्या तऱ्हा

डिझेल कमी पडून इंजिन थांबतं तेव्हा ते आधी कळवतं. पिकअप मरतो, रेस दिली तरी आरपीएम चढत नाही, इंजिन हुकतं, एक-दोनदा सावरतं आणि मग जातं. यात दहा सेकंदही जातात, कधी दोन मिनिटंही. करंट तुटून थांबलेलं इंजिन चावी काढल्यासारखं एका क्षणात गप्प होतं. हा फरक ड्रायव्हरला बरोबर ठाऊक असतो, फक्त त्याला कोणी विचारत नाही.

विचारायचं ते असं: टाकीत डिझेल किती होतं? गाडी किती वेळ चालल्यावर गेली? चढावर, वळणावर, ब्रेक मारल्यावर की सिग्नलला उभी असताना? परत चालू करायला हँड प्रायमर (हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) मारावा लागला की नुसता सेल्फ पुरला? पाऊस होता का? गेल्या महिन्याभरात गाडीवर काय काम झालं, मग ते वेल्डिंग असो, जीपीएस बसवणं असो की टाकीला नवीन कुलपाचं झाकण? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण निम्म्या वेळा उत्तर तिथेच असतं.

दुसरी खूण सायलेन्सरची. बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारताना धुराड्याकडे एक माणूस उभा करावा. पांढुरका धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त नीट पेटत नाही. धुराचा मागमूस नसेल तर डिझेल आत जातच नाही: एकतर वाटेत अडलंय, नाहीतर सोलेनॉइडने (करंटवर डिझेल चालू-बंद करणारा भाग) किंवा ईसीयूने (इंजिनाचा कॉम्प्युटर) सप्लाय बंद केलाय. काळा धूर काढत दम टाकणारी गाडी बहुधा हवेसाठी तडफडत असते. तिचा एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप बघावेत, हा लेख तिच्यासाठी नाही.

एक सावधगिरी इथेच. चालत्या लोडच्या गाडीचं इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि एअर कॉम्प्रेसर थांबतो. ब्रेकच्या टाक्यांत साठलेल्या हवेवर मोजकेच ब्रेक लागतात. त्यामुळे असा दोष असलेली गाडी बोरघाटात किंवा कसाऱ्याला ‘बघू, जमेल’ म्हणून नेऊ नये. चाचणी सपाट रस्त्यावर किंवा छोट्या चढावर घ्यावी. गाडीखाली शिरताना पार्किंग ब्रेक लावलेला आणि चाकांना लाकडी ठोकळे लावलेले हवेत.

काय काय लागेल

पारदर्शक प्लास्टिकची नळी, गाडीच्या डिझेल पाइपाच्या मापाची, दोन तुकडे, प्रत्येकी अर्धा मीटर. व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं) आणि टी जोड. दहा लिटरचा स्वच्छ कॅन. पांढऱ्या काचेच्या दोन-तीन बाटल्या. 24 व्होल्टचा पार्किंग बल्ब, होल्डर आणि पाच-सहा मीटर वायर. मल्टिमीटर. तांब्याचे नवे वायसर (चकत्या), वेगवेगळ्या मापांचे. गेज आणि जोड नागदेवी स्ट्रीटला मिळतात, वायरी नि होल्डर लोहार चाळीत. कॉमन रेलची (सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) गाडी असेल तर लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर हवा. नुसते कोड वाचणारा पुरत नाही.

गाडी कोणत्या पिढीची आहे ते आधी बघावं. जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीत डिझेलचा रस्ता असा: टाकी, सेडिमेंटर (पाणी-गाळ खाली बसवणारी वाटी), पंपाच्या कुशीतला फीड पंप, दोन फिल्टर, मेन पंपाची गॅलरी (आतला डिझेलचा कप्पा), तिथून ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमार्गे (जादा डिझेल सोडणारी झडप) परत टाकी. रोटरी पंपात ओढणारा पंप आतच असतो, त्यामुळे फिल्टरसुद्धा ओढीच्या बाजूला येतो. मुंबईत 2010 नंतरच्या बीएस 4 (भारत स्टेज, धुराचे सरकारी नियम) आणि 2020 नंतरच्या बीएस 6 गाड्यांत बहुतेक कॉमन रेल भेटते. तिच्यात हाय प्रेशर पंपाच्या पाठीवरचा गिअर पंप टाकीतून डिझेल ओढतो आणि पुढे ढकलतो. काही मॉडेलांत टाकीपाशी इलेक्ट्रिक पंपही असतो.

ओढणारा पंप कुठे आहे हे कळलं की अर्धा नकाशा कळला. त्याच्या आधीचा सगळा भाग ओढीवर चालतो. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. त्याच्या पुढचा भाग दाबावर, तिथली फट ओली दिसते. गाडीखाली सगळं कोरडं आहे म्हणून लीकेज नाही, असं म्हणणारा मिस्त्री इथेच फसतो.

टाकीपासून सुरुवात, आणि टाकीच्या झाकणापासून

मुंबईच्या आसपास उभ्या गाडीतून डिझेल चोरी होते, म्हणून बाजारातलं कुलपाचं झाकण लावलं जातं. मूळ झाकणात हवा आत घेणारं छोटं छिद्र किंवा व्हॉल्व्ह असतो, स्वस्त झाकणात बहुतेकदा नसतो. असला तर धूळ-ग्रीसने बुजलेला. इंजिन डिझेल ओढत राहतं, टाकीत हवा शिरत नाही, पोकळी वाढत जाते आणि तास-दीड तासाने पंपाला ओढवेनासं होतं. गाडी थांबली की झिरपत हवा आत येते आणि वीस मिनिटांनी पुन्हा चालू.

तपासणी फुकटची: गाडी बंद पडली की लगेच झाकण उघडावं. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली तर दोषी सापडला. खात्रीसाठी पुढचा फेरा झाकण अर्धं सैल ठेवून, वर जाळीचं कापड बांधून मारावा. पावसात हे करू नये. तिथून पाणी आत गेलं तर नवीन दुखणं.

झाकण निर्दोष निघालं तर टाकीच्या आत. टाकीत काय काय सापडतं: प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, कापूस, चिंधी, फिल्टरच्या डब्याच्या सीलची चकती, चोरी थांबवायला गळ्यात बसवलेल्या जाळीचा तुटलेला भाग. हा तुकडा डिझेलबरोबर फिरतो, ओढ वाढली की सक्शन पाइपाच्या तोंडावर चिकटतो आणि इंजिन थांबलं की ओढ संपून गळून पडतो. मिस्त्री येतो तेव्हा पाइप मोकळा असतो. लोडखाली अर्ध्या तासाने बंद, थोडं थांबलं की चालू, हा प्रकार झाकण उघडूनही राहिला तर संशय याच तुकड्यावर घ्यावा.

फीड पंपाकडून पाइप सोडून टाकीकडे हवा मारायची जुनी युक्ती इथे कामाची आहे. झाकण उघडं ठेवून, एक बारपेक्षा जास्त हवा न देता फुंकावं. आतून बुडबुड्यांचा मोकळा आवाज आला पाहिजे. गाडी त्यानंतर दोन-चार दिवस ठीक चालली आणि पुन्हा तेच झालं, तर कचरा टाकीतच आहे हे सिद्ध झालं. ही हवा म्हणजे उपाय नव्हे. टाकी उतरवून, ड्रेन करून, आत टॉर्चने बघूनच साफ करावी लागते. टाकीला चीर असेल तर डिझेल काढून लगेच वेल्डिंगला देऊ नये. रिकाम्या टाकीतल्या वाफा पेट घेतात, आणि हे काम टाकी वाफेने धुऊन देणाऱ्या माहीतगाराचंच आहे.

एक वेगळी तऱ्हा: अर्ध्या टाकीच्या वर गाडी कधीच बंद पडत नाही, पाव टाकीला आली की वळणावर जाते. टाकीतल्या उभ्या सक्शन पाइपाला वर कुठेतरी चीर किंवा गंजाचं भोक असतं. डिझेल त्या भोकाच्या वर आहे तोवर काही कळत नाही, पातळी खाली उतरली की तिथून हवा ओढली जाते. पाइप उपसून, एक टोक बोटाने बंद करून, डिझेलच्या बादलीत बुडवून हलकी हवा दिली की बुडबुडा दिसतो. दोन टाक्या जोडलेल्या गाडीत मधला जोडपाइप चोंदल्यावरही असंच होतं. काटा डिझेल दाखवतो, पण ते दुसऱ्या टाकीतलं.

टाकी की गाडी: कॅनची चाचणी

एवढं करूनही कळलं नाही तर टाकी बाजूला काढूनच बघावी. फीड पंपाचा इनलेट पाइप सोडून पंपाला वेगळा होज (रबरी नळी) जोडावा, तो कॅनमधल्या स्वच्छ डिझेलमध्ये बुडवावा आणि रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडावा. रिटर्न विसरला तर कॅन बघता बघता रिकामा होतो.

कॅन टाकीच्याच उंचीवर बांधायचा असतो. बरेच जण तो केबिनच्या मागे उंचावर ठेवतात. मग डिझेल वजनानेच खाली येतं, ओढ लागत नाही आणि अर्धमेला फीड पंपही पास होतो. चॅसिसला पट्ट्याने घट्ट बांधून, सायलेन्सर आणि टर्बोपासून लांब ठेवून, गाडी जवळच्या जवळ फिरवावी. दोष गेला तर टाकी, झाकण, सक्शन पाइप, सेडिमेंटर यांतच काहीतरी. राहिला तर पुढे सरकावं, टाकी उतरवायचे कष्ट वाचले.

हवा कुठून येते

पारदर्शक नळीचा एक तुकडा फीड पंपाच्या अगदी अलीकडे बसवावा, दोन्ही बाजूंना क्लिप घट्ट. इंजिन चालू करून आयडलला दोन-तीन मिनिटं आणि मग 1500 आरपीएमला ठेवावं. सुरुवातीचे बुडबुडे जोड उघडल्यामुळे असतात, ते निघून जाऊ द्यावेत. त्यानंतर नळीत काचेसारखी एकसंध, हलक्या पिवळ्या रंगाची धार दिसली पाहिजे, इतकी शांत की डिझेल वाहतंय की थांबलंय हे बोटाने नळी हलवून बघावं लागावं. मोहरीएवढे बुडबुडे सतत सरकत असतील तर हवा त्या जागेच्या अलीकडून येतेय. मग नळी एक जोड मागे न्यावी, सेडिमेंटरच्या आधी, मग टाकीच्या तोंडाशी. ज्या दोन जागांच्या मध्ये बुडबुडे सुरू होतात तिथेच फट.

मोठा बुडबुडा अधूनमधून, विशेषतः रेस दिल्यावर, येत असेल तर होजची आतली बाजू बघावी. फुटलेल्या स्ट्रॉने शहाळं प्यायला गेलं की पाणी कमी आणि हवा जास्त येते, तसंच हे. चाचणी झाली की पारदर्शक नळी काढून टाकावी. साधं प्लास्टिक डिझेलमध्ये कडक होऊन तडकतं, आणि ‘चालतंय ना’ म्हणून राहिलेली नळीच पुढच्या महिन्यातलं कारण बनते.

फट बहुतेकदा याच जागी असते. बँजो बोल्टखालचा (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो बोल्ट) तांब्याचा वायसर, पुन्हा पुन्हा वापरून दबलेला. असा वायसर आणखी आवळून बसत नाही, उलट बोल्टला तडा जातो. नवा टाकावा. सेडिमेंटरच्या वाटीखालचं रबर, मूळ मापाचं नसलेलं. फिल्टर हेडवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा). होजवर क्लिपेच्या जागी बांधलेली बाइंडिंग वायर. आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा, हँड प्रायमरचा दांडा: वापरून झाल्यावर तो खाली दाबून फिरवून बसवला नाही, किंवा आतलं वायसर झिजलं, की तिथून हवा शिरते. प्रायमरभोवती चिमूटभर ग्रीस फासून बुडबुडे थांबतात का ते बघावं. तात्पुरत्या तपासणीला एवढं पुरतं.

रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी चालू व्हायला त्रास, प्रायमर मारला की ठीक, हे याच आजाराचं सौम्य रूप. रात्रीत डिझेल टाकीकडे उतरतं. फट बारीक असते, किंवा फीड पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (डिझेल मागे न जाऊ देणारा) झिजलेला.

बारीक फट सापडतच नसेल तर ओढीची बाजू दाबावर आणावी: टाकीकडचं टोक बंद करून, फीड पंपाकडून सुटलेल्या टोकातून जेमतेम 0.3 ते 0.5 बार हवा देऊन जोडांवर साबणाचं पाणी सोडावं. कॉम्प्रेसरची पूर्ण हवा कधीही देऊ नये.

अडथळा किती: व्हॅक्यूम गेज

हवा नाही आणि तरीही डिझेल पुरत नाही, तर वाट कुठेतरी अरुंद आहे. फीड पंपाच्या इनलेटला टी लावून गेज जोडावं. गेज आरशाच्या दांड्याला बाहेरून बांधावं, डिझेलची नळी केबिनमध्ये घेऊ नये.

टाकीतली पातळी पंपापेक्षा मीटरभर खाली असेल तर नुसत्या उचलीलाच साठेक मिमी पारा (गेजवर mmHg) ओढ लागते. साफ फिल्टर-पाइपांवर पूर्ण रेसला साधारण 100 मिमीच्या आत आणि वापरलेल्या फिल्टरवर 200 मिमीच्या आत, हा जुन्या यांत्रिक इंजिनांना लागू पडणारा ढोबळ अंदाज. अंतिम आकडा आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा.

खरा उपयोग आकड्यापेक्षा काट्याच्या चालीचा आहे. चढावर इंजिन हुकायच्या आधी काटा चढत गेला तर अडथळा गेजच्या मागे, म्हणजे टाकीच्या बाजूला. काटा शून्याकडे घसरला आणि मग इंजिन गेलं तर पंपाला हवा मिळाली, किंवा पंपानेच ओढणं सोडलं. काटा जागचा हलला नाही आणि इंजिन तरीही गेलं तर ओढीची बाजू सुटली. पुढचा फिल्टर, ओव्हरफ्लो किंवा करंट बघायचा.

काटा चढतो पण पाइप फुंकला तर मोकळा, असं कोडं पडलं तर रबरी होज बदलून बघावा. डिझेलच्या ग्रेडचा नसलेला होज आतून सुटतो आणि सुटलेला पापुद्रा ओढीखाली झडपेसारखा मिटतो. टाकीकडे हवा मारली की तोच पापुद्रा उघडतो. काही होज टर्बोजवळच्या उष्णतेने मऊ होऊन चपटे होतात, तेही फक्त गरम झाल्यावर. सुऱ्याने उभा चिरून आत बघावं.

पाणी आणि फिल्टर

मुंबईच्या पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत पाणी साठतं. दमट हवा आत येते, रात्री टाकीच्या पत्र्यावर ओल धरते, थेंब खाली उतरतात. रात्रीचा मुक्काम भरल्या टाकीने केला तर हा त्रास बराच कमी होतो. हिंदमाता किंवा कुर्ल्याच्या तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा टाकीचा ब्रीदर (हवा यायची वाट) आणि झाकण वेगळं तपासावं.

सेडिमेंटर आणि फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पहिलं पाव लिटर काचेच्या बाटलीत घ्यावं आणि तासभर हलवू नये. पाणी खाली बसतं, वर डिझेल, मधली रेषा स्पष्ट दिसते. त्या रेषेवर काळपट, बुळबुळीत थर तरंगत असेल तर टाकीत बुरशी-जिवाणू वाढलेत. ते पाणी आणि डिझेलच्या हद्दीवरच जगतात आणि फिल्टर आठवड्याभरात बंद करतात. मग फिल्टर बदलत बसण्यात अर्थ नाही, टाकी धुणं हाच इलाज. पावसाळ्यात सेडिमेंटरमधलं पाणी रोज सकाळी, इंजिन चालू करण्याआधी काढावं. एरवी आठवड्यातून एकदा.

जुना फिल्टर फेकण्याआधी कापून बघावा. तांबूस गंज टाकीचा. काळा चिकट थर बुरशीचा किंवा हायवेच्या कडेला ‘बायोडिझेल’ म्हणून स्वस्तात विकल्या जाणाऱ्या मालाचा. चांदीसारखी चमकती भुकटी दिसली तर ती पंप झिजल्याची खूण, आणि कॉमन रेलमध्ये ती अत्यंत वाईट बातमी: नुसता पंप बदलून चालत नाही, रेल, पाइप, इंजेक्टर (कॉमन रेलची नोझल) आणि टाकीही साफ करावी लागते.

नवा फिल्टर बसवताना इनलाइन पंपाच्या गाडीत तो स्वच्छ डिझेलने भरून बसवला तरी चालतं. कॉमन रेलमध्ये मात्र मधल्या, म्हणजे गाळल्यानंतरच्या, भोकातून वरून डिझेल ओतू नये. कॅनमधला कण थेट पंपात जातो. कोरडाच बसवून प्रायमरने भरावा, शंभर-दीडशे धक्के लागले तरी.

हिवाळ्यात डिझेल गोठून फिल्टर बंद होतो, असं परदेशी व्हिडिओंत दिसतं. मुंबई-नाशिक-पुण्याच्या गाड्यांना त्याची चिंता नको.

फीड पंप आणि ओव्हरफ्लो

इनलाइन पंपाच्या गाडीत फीड पंपाच्या तोंडाशी जाळीचा छोटा फिल्टर असतो, कित्येक वर्षं न उघडलेला. तो आधी साफ करावा. मग फिल्टरनंतर प्रेशर गेज लावून गॅलरीचा दाब बघावा. चालत्या इंजिनाला साधारण 1 ते 1.5 बार. दाब कमी असेल तर रिटर्नचा रबरी होज क्षणभर चिमटीत धरावा. दाब लगेच चढला आणि इंजिन खुललं तर फीड पंप शाबूत, ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग गेली. चढला नाही तर फीड पंपाचा प्लंजर (दट्ट्या) किंवा व्हॉल्व्ह गेलेला. ही चिमट्याची चाचणी कॉमन रेलच्या गाडीवर करायची नाही.

डिपस्टिक काढून ऑइल हुंगावं. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास येत असेल तर डिझेल इंजिनात उतरतंय. फीड पंपाचं सील हे एक कारण. तशी गाडी पुढे चालवू नये, बेअरिंग जातील.

एअर काढायची पद्धत: फिल्टर हेडचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल, प्रायमर मारत राहायचं, फेस थांबून सलग धार आली की मारता मारताच स्क्रू बंद. मग मेन पंपाचा स्क्रू तसाच. शेवटी प्रायमरचा दांडा दाबून फिरवून बसवायचा. निघालेलं डिझेल डब्यात धरावं, गटारात सोडू नये.

एका क्षणात गेली असेल तर: वायरी

इथे पाना ठेवून बल्ब घ्यावा. 24 व्होल्टचा बल्ब पंपाच्या सोलेनॉइडला येणाऱ्या वायरीला जोडून, फ्यूज घालून, डॅशबोर्डवर आणून ठेवायचा. गाडी बंद पडताना बल्बही विझला तर करंट तुटला. बल्ब जळत असताना इंजिन गेलं तर सोलेनॉइड तरी किंवा डिझेल तरी. ड्रायव्हरला फक्त बल्बकडे लक्ष ठेवायला सांगायचं.

सोलेनॉइड दोन प्रकारचे. एकाला चालू राहायला करंट लागतो, वायर तुटली की इंजिन बंद. दुसऱ्याला बंद करायला करंट लागतो, तिथे वायर कुठेतरी सोलून दुसऱ्या लाइव्ह वायरीला चिकटली की इंजिन बंद. आपल्या गाडीत कोणता, हे न बघता वायर शोधायला लागलं तर दिवस वाया. काही सोलेनॉइडची कॉइल गरम झाल्यावरच तुटते. थंड असताना मल्टिमीटर ‘ठीक’ सांगतो. म्हणून रोधाचं माप गाडी बंद पडल्या पडल्या घ्यावं.

पुढचा संशयित जीपीएस. मालक लांबून गाडी बंद करू शकेल म्हणून इग्निशनच्या वायरीत रिले (करंट जोडणारा-तोडणारा स्विच) टाकलेला असतो, बऱ्याचदा वायर कापून, पीळ देऊन, टेप गुंडाळून. खड्ड्यात तो पीळ सुटतो. मालकाला विचारून तो रिले दोन दिवस बायपास करून बघावा.

त्यानंतर केबिन टिल्ट होते तिथला वायरिंगचा जुडगा, चॅसिसला घासणाऱ्या जागा आणि अर्थिंगची पट्टी. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. बंदरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे हमखास. इंजिन आयडलला ठेवून जुडगा वीतभर वीतभर हलवत जावं. ज्या जागी इंजिन अडखळेल तिथे टेप सोलावी. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर लावावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग साफ करून घट्ट करावं.

कॉमन रेल असेल तर

आधी एक कडक नियम: इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपाचा नट सैल करायचा नाही. इनलाइन पंपाच्या सवयीने मिस्त्री हात घालतात. इथे रेलमध्ये आयडललाच काहीशे बार आणि लोडवर 1600 बार किंवा जास्त दाब असतो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण तशी शिरली तर थेट हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही. इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं थांबून, स्कॅनरवर दाब उतरलेला बघूनच हात लावावा.

स्कॅनरवर चार गोष्टी एकत्र रेकॉर्ड कराव्यात: आरपीएम, रेलचा मागितलेला दाब, रेलचा प्रत्यक्ष दाब, बॅटरी व्होल्टेज. बंद पडण्याच्या आधीचे पाच सेकंद बघायचे. प्रत्यक्ष दाब आधी मागे पडू लागला आणि आरपीएम नंतर पडला तर गोष्ट डिझेलची. वर सांगितलेल्या ओढीच्या बाजूच्या सगळ्या चाचण्या कराव्यात, कारण कॉमन रेलमध्येही अडचण बहुतेकदा स्वस्त बाजूलाच असते. गाडी गिअरमध्ये असून चाकं इंजिन फिरवतायत, तरी आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला तर क्रँक सेन्सर (इंजिनाच्या फेऱ्या मोजणारा) किंवा त्याची वायर. हा सेन्सर गरम झाल्यावर जातो आणि थंड झाल्यावर परत येतो, म्हणून त्याला डिझेलचा दोष समजून लोक फिल्टर बदलतात.

कोड वाचायचे तर ट्रकमध्ये एसपीएन (बिघाड कशात आहे त्याचा ठरलेला क्रमांक) 157 म्हणजे रेलचा दाब, 94 म्हणजे पंपाला मिळणारा डिझेलचा दाब, 97 म्हणजे डिझेलमधलं पाणी, 636 क्रँकचा आणि 723 कॅमचा सेन्सर. 157 आला म्हणून रेल सेन्सर विकत आणू नये. बहुतेकदा सेन्सर खरं बोलत असतो.

दाब लोडवरच कमी पडतो आणि ओढीची बाजू स्वच्छ आहे, तर इंजेक्टरचा रिटर्न मोजावा. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला वेगळी बाटली, गरम इंजिन, आयडलला एक मिनिट. बाकीच्यांपेक्षा दुप्पट-तिप्पट डिझेल देणारा इंजेक्टर दाब खातोय. रिटर्न हेडच्या आतून असेल तर एकत्रित माप घेऊन मॅन्युअलशी ताडावं. रेलवरच्या रिलीफ व्हॉल्व्हचा रिटर्न आयडलला कोरडा असायला हवा. तिथून धार येत असेल तर तो व्हॉल्व्ह बसत नाही.

बीएस 6 गाडीत डीईएफची (धूर साफ करायचं युरियाचं पाणी) अडचण असली की गाडी ताकद कमी करते, वेग बांधते, डॅशवर इशारा देते. चालता चालता बंद पडण्याचं कारण बहुधा ते नसतं. दोन तक्रारी एकत्र आल्या तर वेगवेगळ्या सोडवाव्यात.

दुरुस्तीनंतर

ज्या लोडवर, टाकीच्या ज्या पातळीवर आणि जितक्या वेळाने गाडी जायची, त्याच परिस्थितीत चाचणी घ्यावी. रिकाम्या गाडीने वडाळा ट्रक टर्मिनलला दोन चकरा मारून ‘झालं’ म्हणू नये. व्हॅक्यूम गेज तेवढ्या फेरीपुरतं राहू द्यावं आणि चढावरचा आकडा फिल्टरवर मार्करने तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या वेळी तोच काटा किती वर गेलाय त्यावरून फिल्टर बदलायचा की टाकी उघडायची ते ठरवता येतं.